पडद्यावरचं घर आणि हातातला कागद

(युवकांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला बोलावलं तेव्हा सांगितलं होतं, "मॅडम, जेवणानंतरचं सत्र आहे, मुलं पेंगतात. जड काही नको. सध्या कोणते सिनेमे पाहिलेत, कसे वाटले, तेवढंच गप्पा मारल्यासारखं सांगा." मलाही ते बरं वाटलं. मी काही समीक्षक नाही, कॉलेजात मराठी शिकवते. सिनेमा पाहते तो रात्री भांडी आवरल्यावर, बहुतेक वेळा मोबाइलवर, आणि निम्म्या वेळा मध्येच झोप लागते म्हणून दोन दिवसांत मिळून एक. गेल्या चार-पाच महिन्यांत असे डझनभर जुने-नवे सिनेमे पाहून झाले. काही पहिल्यांदा, काही तिसऱ्या-चौथ्यांदा.

या भाषणासाठी त्यांची यादी करायला बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. मी ठरवून निवडलेले नसतानाही यातल्या बहुतेक सिनेमांत भांडण एकाच गोष्टीवरून आहे: घरावरून. राहायचं कुठे, ते घर कुणाच्या नावावर, आणि ते तुमचंच आहे हे दाखवणारा कागद कुठे आहे? म्हणून आज तोच धागा धरून बोलते. माझी मतं पटली नाहीत तर भांडा, शेवटी वेळ ठेवला आहे.

सुरुवात सगळ्यांत जुन्यापासून करते. 'शेजारी', 1941 सालचा. व्ही. शांताराम यांचा, प्रभात कंपनीचा. पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तोच प्रभातचा स्टुडिओ. गोष्ट विश्राम बेडेकरांची. एका खेड्यात एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन म्हातारे मित्र राहतात. शेजारी घरं, रोजचा बुद्धिबळाचा डाव, एकमेकांशिवाय घास उतरत नाही. गावाजवळ धरण बांधायला एक धनिक येतो. त्याला लोकांच्या जमिनी हव्या असतात. हे दोघं एकत्र आहेत तोवर गाव हलणार नाही हे त्याला कळतं आणि मग तो दोघांमध्ये संशयाचं बी टाकतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघं मित्र एकमेकांचा हात धरून जातात.

हाच सिनेमा हिंदीत 'पडोसी' नावाने निघाला. त्यात एक गंमत आहे. हिंदीत मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली आणि हिंदू ठाकूरची मजहर खान यांनी. म्हणजे मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान. मराठीतही मिर्झा जागीरदारच आहेत. त्यांची दाढी, त्यांचं चालणं पाहताना मला आमच्या तालुक्यातले दोन-तीन चाचा आठवले.

आता मत सांगते. अभिनय थोडा नाटकी आहे, गाणी लांब आहेत, आणि तुम्हाला आवाजाची खरखर सहन करावी लागेल. पण काळ लक्षात घ्या. मार्च 1940 मध्ये लाहोरचा ठराव झाला आणि पुढच्याच वर्षी पुण्यातली एक मराठी कंपनी हा सिनेमा काढते. आणि काय सांगते? भांडण धर्माचं दिसत असलं तरी खाली जमीन आहे, ती कुणाला तरी हवी आहे. माझी तक्रार एवढीच की यातला खलनायक बाहेरून येतो. जणू तो आला नसता तर गावात सगळं आलबेलच होतं. गावातल्या गावात, आपल्या मनातही काही असतं, ते या सिनेमाला नीट बघायचं नाही. तरी मिर्झा मराठी बोलतो, शेती-गावकीत वावरतो, पंचांत बसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण यानंतर असा मुसलमान पडद्यावरून बरीच वर्षं गायबच झाला.

त्याच्या जागी कोण आला? नवाब आला. 'चौदहवीं का चाँद', 1960. 'मेरे मेहबूब', 1963. ज्यांना मुस्लिम सोशल म्हणतात ते सिनेमे. लखनौ, अलीगढ, शेरवानी, झुंबरं, मुशायरे. आमच्या अब्बूंना हे सिनेमे तोंडपाठ होते. गाणी लागली की मी आजही हातातलं काम थांबवते. 'चौदहवीं का चाँद'ची सगळी गोष्ट बुरख्यामुळे झालेल्या घोटाळ्यावर उभी आहे. दोन जिवलग मित्र एकाच बाईवर प्रेम करत असतात आणि त्यांना ते माहीत नसतं. बघायला मजा येते. पण त्या हवेल्यांत भाडं कोण भरतं, स्वयंपाक कोण करतं, अत्तर विकणाऱ्याची मुलं कुठल्या शाळेत जातात, हे कधी कळत नाही. उस्मानाबादच्या विणकराला, मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला, कोकणातल्या मच्छिमाराला या सिनेमात जागा नव्हती. मुसलमान म्हटलं की उर्दूत शेर म्हणणारा माणूस, असं चित्र बाकीच्यांच्या डोक्यात बसलं आणि थोडं आपल्याही. आपण तसे नाही याची आपल्यालाच कमीपणासारखी बोच लागून राहिली. असो. या सिनेमांवर यापेक्षा जास्त वेळ घालवत नाही.

आता ज्यावर वेळ घालवायचाच आहे तो सिनेमा. 'गर्म हवा'. एम. एस. सथ्यू यांचा, 1973 सालचा. इस्मत चुगताईंची कथा, पटकथेत कैफी आझमी आणि शमा जैदी. दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने तो कित्येक महिने अडवून ठेवला. पुढे त्याच सिनेमाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भीती आणि पुरस्कार, दोन्ही सरकारीच.

आग्र्यातले सलीम मिर्झा. जोडे बनवायचा कारखाना. फाळणी झालेली आहे, गांधीजींची हत्या झालेली आहे. एकेक नातेवाईक पाकिस्तानला निघालेत. मिर्झा प्रत्येकाला स्टेशनवर सोडायला जातात आणि परत येतात. सिनेमा बघताना मोजा, किती वेळा ती गाडी सुटते. बलराज सहानींनी या माणसाला एकदाही ओरडू दिलेलं नाही. शेरवानीची बटणं नीट लावून, काठी धरून, तो बँकेत कर्ज मागायला जातो. बँकेला वाटतं, हे लोक पैसे घेऊन पळून जातात. राहती हवेली मोठ्या भावाच्या नावावर असते. भाऊ पाकिस्तानात गेला म्हणून ती निर्वासितांची मालमत्ता ठरते. राहणारा माणूस इथेच आहे, जन्म इथला, आई इथे आहे. पण कागदावर नाव त्याचं नाही. म्हणून घर गेलं.

मग भाड्याचं घर शोधणं सुरू होतं. हा प्रसंग लहान आहे. मिर्झा दारोदार फिरतात, आधी नाव विचारलं जातं आणि मग घर नसतं. मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी एका मोठ्या शहरात खोली शोधत होता. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. शेवटी समोरचा म्हणायचा, "हां, नाव काय म्हणालात?" आणि नाव सांगितलं की, "एक मिनिट हं, मिसेसना विचारतो." त्या मिसेस कुठल्याच घरात परवानगी देत नव्हत्या. सात-आठ ठिकाणी असं झालं. भाऊ हसून सांगत होता. मी 'गर्म हवा' पुन्हा लावला तो त्याच आठवड्यात. पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि तो प्रसंग समजायला मला कसलीही टीप लागली नाही.

या सिनेमात एक म्हातारी आहे, मिर्झांची आई. घर सोडायची वेळ येते तेव्हा ती सरपणाच्या कोठीत लपून बसते. तिला उचलून न्यावं लागतं. पुढे मरायची वेळ जवळ येते तेव्हा तिचा जीव त्या हवेलीतच अडकलेला असतो. ज्या सिंधी व्यापाऱ्याने ती हवेली घेतलेली आहे, तो स्वतः उखडून आलेला माणूस आहे, तो नाही म्हणत नाही. म्हातारीला पालखीत घालून परत नेतात, आणि तिथे ती प्राण सोडते. मला विचाराल तर फाळणीवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा तो प्रसंग मोठा आहे. दोन घर गमावलेली माणसं एका दारात समोरासमोर येतात आणि कुणी कुणाचा शत्रू नसतो.

अमीनाची, मिर्झांच्या मुलीची, गोष्ट तुम्ही पाहाच. तिचा काझिम पाकिस्तानातून लपतछपत लग्नासाठी येतो आणि पोलीस त्याला पकडून परत पाठवतात, कारण त्याच्याकडे योग्य कागद नाहीत. दुसरा एक मुलगा शब्द देऊन जातो आणि फिरतो. अमीना जीव देते. मिर्झांवर हेरगिरीचा आरोप होतो. का, तर हवेलीचा नकाशा भावाला पाठवला म्हणून. ते सुटतात, पण मोहल्ल्यातली नजर बदललेली असते.

शेवटाबद्दल लोक वाद घालतात. मिर्झा अखेर स्वतःच टांग्यातून स्टेशनकडे निघतात. वाटेत मोर्चा लागतो, बेकारीविरुद्धचा, भाकरीसाठीचा. धाकटा सिकंदर त्यात उतरतो. हा फारुख शेखचा पहिला सिनेमा. त्याच्यामागून मिर्झाही उतरतात. माझे एक सहकारी म्हणतात, हा शेवट पक्षाच्या पत्रकासारखा आहे. थोडा आहे, मान्य. पण मला त्यातली एक गोष्ट आवडते. मिर्झा "आम्ही मुसलमान" म्हणून परत फिरत नाहीत. नोकरी नसलेल्या, भूक लागलेल्या सगळ्यांबरोबर ते चालायला लागतात. त्यांना इथे थांबायला कुणी परवानगी दिलेली नाही आणि त्यांनी ती मागितलेली नाही.

हे काम संपवून बलराज सहानी एप्रिल 1973 मध्ये गेले. सिनेमा लोकांपर्यंत पोहोचलेला त्यांनी पाहिलाच नाही.

'गर्म हवा'च्या पाठोपाठ 'मम्मो' पाहा, श्याम बेनेगलांचा, 1994 चा. पटकथा खालिद मोहम्मद यांची. फरीदा जलाल यांना तुम्ही फक्त लाडकी आई म्हणून ओळखत असाल तर हा सिनेमा तुम्हाला धक्का देईल. लग्न होऊन लाहोरला गेलेली मम्मो नवरा वारल्यावर सासरच्यांनी बाहेर काढली म्हणून मुंबईत बहिणीकडे येते. बडबडी, लुडबुडी, जीव लावणारी. घरातल्या पोरावर, रियाजवर, तिचा जीव जडतो. आणि मग व्हिसा संपतो. मुदतवाढीसाठी खेपा, लाच, पुन्हा खेपा. एक दिवस पोलीस येतात आणि तिला गाडीत बसवून देतात. तिचा जन्म पानिपतचा. तिची बहीण इथे आहे, तिच्या आठवणी इथे आहेत. कागद म्हणतो, पाहुणी आहेस, वेळ संपली.

शेवट सांगितला तर चालेल ना? सिनेमा तीस वर्षं जुना आहे, सांगते. खूप वर्षांनी मम्मो परत येते, आणि यावेळी घरचे तिच्या मृत्यूचा दाखला काढतात. कागदावर ती मेली, म्हणून आता जिवंतपणी बहिणीजवळ राहू शकते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसले होते. या वेळी हसू आलं नाही. हा खोटेपणा आहे आणि सिनेमा त्याला शाबासकी देतो, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, सिनेमा आपल्याला एवढंच विचारतो की एका म्हातारीला बहिणीजवळ राहण्यासाठी मरून दाखवावं लागत असेल, तर खोटं नेमकं कोण आहे?

'नसीम'बद्दल थोडंच बोलते. सईद मिर्झांचा, 1995 चा. जून ते डिसेंबर 1992 ची मुंबई. शाळकरी मुलगी आणि तिचे आजारी आजोबा. आजोबांच्या भूमिकेत स्वतः कैफी आझमी. 'गर्म हवा' लिहिणारा हात इथे थरथरताना दिसतो. नात आजोबांच्या आग्र्याच्या गोष्टी ऐकते. आपण पाकिस्तानात का गेलो नाही, असं विचारल्यावर ते सांगतात की अंगणातलं एक झाड तुझ्या आजीला फार आवडायचं. एवढंच कारण. मोठमोठी कारणं इतिहासाच्या पुस्तकात असतात. माणसं झाडासाठी राहतात, कबरीसाठी राहतात, दुकानाच्या उधारीसाठी राहतात. आजोबा 6 डिसेंबरला जातात. त्या सिनेमात दंगल जवळजवळ दिसतच नाही, टीव्हीवर आणि घरातल्यांच्या चेहऱ्यावर दिसते. हे ज्यांना संथ वाटेल त्यांनी फोन बाजूला ठेवून पाहावा.

आता जरा अलीकडे. 'सरफरोश', 1999. चांगला थरारपट आहे, आजही खिळवून ठेवतो. त्यात दोन मुसलमान आहेत असं समजा. एक गझल गायक, जो आतून देशाचा शत्रू. दुसरा इन्स्पेक्टर सलीम, ज्याला आपली निष्ठा सिद्ध करावी लागते. पुढची वीसेक वर्षं आपल्या वाट्याला बहुतेक या दोनच भूमिका आल्या. 'चक दे! इंडिया', 2007, हा तर मला मनापासून आवडतो. शाहरुखने इतकं संयत काम क्वचित केलंय. पण या वेळी पाहताना घरावर नजर गेली. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी हुकली म्हणून कबीर खानला आईला घेऊन घर सोडावं लागतं. शेवटी तो त्याच घरी परततो. मधल्या काळात त्याने काय केलं? विश्वचषक जिंकून दिला. म्हणजे घर परत मिळण्याचा दर एक विश्वचषक! आपल्यातल्या जो जिंकणार नाही, जो साधा मॅकॅनिक आहे, काठावर पास होणारा आहे, त्याने घरी कधी जायचं?

म्हणून मला 'इक्बाल' जवळचा वाटतो. नागेश कुकुनूर, 2005. मुकबधिर मुलगा, गोलंदाज व्हायचंय. म्हशींना क्रिकेटपटूंची नावं दिली आहेत. बाप म्हणतो शेती कर. बहीण खदिजा त्याचा आवाज होते. त्याच्यापुढे अडचणींचा डोंगर आहे: गरिबी, अपंगत्व, श्रीमंत बापाचा मुलगा, विकला जाणारा प्रशिक्षक. पण त्याचा धर्म ही अडचणही नाही आणि पदकही नाही. घरात नमाज होते आणि सिनेमा पुढे जातो. श्रेयस तळपदे, प्रतीक्षा लोणकर, यतीन कार्येकर, सगळी आपल्या ओळखीची मराठी मंडळी या घरात राहतात, आणि ते घर खरं वाटतं. मला असे सिनेमे जास्त हवेत. संत मुसलमान नको, सैतान नको. म्हशी राखणारा पोरगा चालेल.

इथपर्यंत टाळ्या वाजवणं सोपं आहे, कारण घर कुणीतरी दुसरा हिसकावतोय. आता थोडं अवघड.

1982 साली बी. आर. चोप्रांचा 'निकाह' आला. नवरा रागाच्या भरात तीन वेळा एक शब्द उच्चारतो आणि निलोफरला घर सोडावं लागतं. इथे बँक नाही, पोलीस नाही, बिल्डर नाही. घरचाच माणूस आहे. पुढे ती दुसरं लग्न करते, पहिला नवरा परत यायला बघतो, दुसरा मोठ्या मनाने तिला सोडायला निघतो, आणि ती दोघांनाही सुनावते: मला विचारलं का कुणी? सिनेमा भडक आहे, सेट झगमगीत आहेत, सलमा आगाचा अभिनय कच्चा आहे पण आवाज विसरता येत नाही. तीन वर्षांनी, 1985 मध्ये, शाहबानो खटल्याचा निकाल आला आणि पुढच्याच वर्षी संसदेने नवा कायदा करून त्याची धार काढली. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो 2017 मध्ये. म्हणजे निलोफरने पडद्यावर विचारलेल्या प्रश्नाला 35 वर्षं लागली. आणि तरी बाईने राहायचं कुठे, हा प्रश्न निकालाने पुरता सुटत नाही.

त्याच 2017 मध्ये मराठीत 'हलाल' आला. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी केलेला. तलाक दिलेल्या जोडप्याला पुन्हा एकत्र यायचंय आणि मध्ये हलाला उभा राहतो. काही प्रसंग उगाच ताणलेत, पार्श्वसंगीत कानावर आदळतं. पण एका मराठी मुसलमान लेखकाने आपल्या गावातली, आपल्या बोलीतली गोष्ट लिहिली आणि ती पडद्यावर आली, ही साधी बाब नाही. या सिनेमावर आपल्यातले काही जण चिडतात: आपलंच धुणं चव्हाट्यावर कशाला? मी त्यांना विचारते, भावाला खोली नाकारली गेली की आपण चव्हाट्यावर बोलतो ना? मग बहिणीला घराबाहेर काढलं की ते घरातलं का होतं?

'गली बॉय' तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, 2019 चा, म्हणून एकच सांगते. सगळे रॅपबद्दल बोलतात. मी मुरादच्या आईबद्दल बोलेन. नवरा दुसरी बायको घरी आणतो. धारावीतल्या एवढ्याशा खोलीत तिला ते रोज बघत राहावं लागतं. अमृता सुभाषने ती आई केली आहे, आणि मुलाचीच बाजू घेणारी आजी केलीये ज्योती सुभाष यांनी. खऱ्या आयुष्यात या दोघी मायलेकी. ज्योतीताईंनी हमीद दलवाईंवर माहितीपट केला आहे, तोही मिळाला तर बघा. आणि सफीना! डॉक्टर व्हायला निघालेली, हिजाब घालणारी, भांडखोर, खोटं बोलून घराबाहेर पडणारी. मला तिचा मारकुटेपणा आवडत नाही, पण ती कुणाची कीव मागत नाही.

एक मराठी नाव राहिलं. 'सैराट', 2016. आर्ची-परशाबद्दल नाही, सल्याबद्दल बोलते. सलीम शेख. परशाचा दोस्त. तो करमाळ्याकडची तीच बोली बोलतो जी बाकीची पोरं बोलतात. मित्राच्या प्रेमासाठी धावतो, मार खातो. तो मुसलमान आहे हे सिनेमा कधी थांबून सांगत नाही. 'शेजारी'तल्या मिर्झानंतर मला पडद्यावर आपल्या गावचा माणूस भेटला तो सल्या. आपण घरात दखनी बोलतो, कोकणातले कोकणी बोलतात, शाळेत-बाजारात मराठी. ही दोन्ही तोंडं आपलीच. पण टीव्ही मालिकेत मुसलमान आला की तो "क्या मियाँ" असं काहीतरी बोलतो, आणि घरमालकाला फोनवर आमचं मराठी ऐकून धक्का बसतो. भाषा हेही घरच आहे, आणि त्याचाही सातबारा लोक दुसऱ्याच्याच नावाने वाचतात.

शेवटचे दोन सिनेमे अगदी ताजे आहेत.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट', 2024. कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सेस आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी रत्नागिरीची पार्वती. पार्वती केलीये छाया कदमने. गिरणी कामगाराची विधवा, वर्षानुवर्षं चाळीत राहिलेली. बिल्डर आला आणि तिच्याकडे घराचा कागदच निघाला नाही. पुन्हा कागद! फरक एवढाच की इथे नाव पार्वती आहे. हे आपण नीट बघायला पाहिजे. ज्या दिवशी आपल्याला वाटतं की हे फक्त आपल्याच बाबतीत होतं, त्या दिवशी पार्वतीला भेटायचं. दुसरीकडे नर्स अनू शियाज नावाच्या मुसलमान मुलावर प्रेम करते. त्याच्या मोहल्ल्यात जाता यावं म्हणून ती बुरखा विकत घेते, आणि ऐनवेळी पावसाने गाड्या बंद पडतात. 1960 मध्ये बुरख्याने प्रेमिकांचा घोटाळा केला होता, इथे प्रेमिका बुरख्याचाच उपयोग करून बघते. दोघांना एकत्र बसायला मुंबईत जागा नाही. ती अखेर सापडते पार्वतीच्या कोकणातल्या गावी. सिनेमा हळू आहे, पण त्यातला पाऊस ओळखीचा आहे.

आणि नीरज घेवान यांचा 'होमबाउंड', 2025. शोएब आणि चंदन, एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दी असली की कुणी आडनाव विचारणार नाही असं त्यांना वाटतं. चंदन अर्जात स्वतःची जात लपवून खुल्या वर्गात नाव भरतो. शोएबला ऑफिसात मॅचवरून टोमणे बसतात. चंदनचं स्वप्न आईसाठी पक्कं घर बांधायचं. दोघं सुरतेच्या गिरणीत कामाला जातात आणि 2020 ची टाळेबंदी येते. घराकडे निघतात. एकच घरी पोहोचतो. हे एका खऱ्या घटनेवर आधारलेलं आहे, रस्त्याच्या कडेला मित्राचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाचा तो फोटो तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा पाहिला असेल. सिनेमा काही ठिकाणी आपल्याला रडवायचंच असं ठरवून बसतो, ते मला खटकलं. पण या दोघांत कोण हिंदू, कोण मुसलमान हा मुद्दाच उरत नाही. एकाला नाव लपवायचंय, दुसऱ्याला लपवता येत नाही, आणि त्या वेदनेची ओळख दोघांना एकमेकांत पटते.

तर माझी यादी संपली. आता काही विनंत्या.

पहिली, 'गर्म हवा' किंवा 'मम्मो' घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर बसून पाहा आणि नंतर विचारा: आपण इथे कधी आलो, हे घर कुणी बांधलं, इथून कोण गेलं? उत्तरं लिहून ठेवा. आपल्या घराण्यांच्या गोष्टी कबरीत जातात, पुस्तकात येत नाहीत.

दुसरी, घरातले कागद बघा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, घरपट्टीची पावती. नावांची स्पेलिंगं जुळतात का ते पाहा. आणि घरावर आईचं, बायकोचं, बहिणीचं नाव आहे का, तेही पाहा. मुलींनो, निकाहनामा सहीआधी वाचा. त्यातही अटी लिहिता येतात. निलोफरने वाचला होता की नाही, मला माहीत नाही.

तिसरी, द्वेष विकणाऱ्या सिनेमावर रागावण्यात आठवडा घालवू नका. तिकीट काढू नका, संपलं. त्या वेळात तुमच्या मोहल्ल्यावर पाच मिनिटांची फिल्म करा, मोबाइलवर, मराठीत किंवा दखनीत. मालेगावच्या पोरांनी कमी पैशांत शोलेची टर उडवणारे सिनेमे केले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. मराठी मुसलमान घराची साधी गोष्ट, ज्यात कुणी मरत नाही, कुणी निष्ठा सिद्ध करत नाही, फक्त रमजानमध्ये गॅस संपतो आणि शेजारची काकू सिलिंडर देते, अशी गोष्ट अजून कुणी केलेली नाही. ती तुमच्यासाठी शिल्लक आहे.

आता तुम्ही बोला. 'सरफरोश'च्या बाजूने ज्यांना भांडायचंय त्यांनी आधी हात वर करा.